नारळीकरांच्या विज्ञानकथा हातात पेन्सिल घेऊन कशा वाचाव्यात

जयंत नारळीकरांची विज्ञानकथा मराठी वाचक बहुधा शाळकरी वयात, एका बैठकीत आणि शेवटच्या कलाटणीच्या ओढीने वाचतो, आणि मग ते पुस्तक धाकट्या भावंडाच्या हवाली करून मोकळा होतो. त्या वाचनात आनंद असतो, पण लेखकाने सर्वाधिक कष्टाने जे रचले आहे ते त्यातून बहुतांशी निसटते. या कथांची रचना गणितातल्या सिद्धतेसारखी आहे. सुरुवातीला एक गृहीतक मांडले जाते, पुढची प्रत्येक घटना त्यातून निघते, आणि ती खरोखरच निघते की नाही हे तपासण्याचा अधिकार वाचकाकडे सोपवलेला असतो. हा अधिकार कसा वापरावा हे पुढे सांगितले आहे. आठवी ते बारावीच्या मुलांच्या एका लहान वाचनगटात मी काही वर्षे या कथा याच पद्धतीने वाचत आलो आहे, त्यामुळे मुले कुठे अडतात आणि कुठे जागेवरून उठून उभी राहतात, हे थोडेफार अनुभवाने सांगू शकतो.

साहित्य फारसे लागत नाही. कथासंग्रह, वही, पेन्सिल, वर्गमूळ काढणारा साधा कॅल्क्युलेटर, बटर पेपरची एक लांबट पट्टी आणि चिकटपट्टी एवढे पुरते.

लेखकाची ओळख, पण कामापुरती

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि आई सुमती संस्कृतच्या जाणकार होत्या, त्यामुळे बालपण बनारसमध्ये आणि शिक्षण हिंदी माध्यमाच्या शाळेत झाले. १९५७ साली बनारसची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, तिथे गणिताच्या परीक्षेत रँग्लर झाले आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, आणि १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७२ साली ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था उभी राहिली तेव्हा ते तिचे संस्थापक संचालक झाले आणि २००३ पर्यंत त्या पदावर होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या चरित्रातल्या दोन गोष्टी वाचताना सतत जवळ ठेवाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे हॉईल. ते स्वतः विज्ञानकथा लिहीत, आणि पृथ्वी व सूर्य यांच्यामध्ये येणाऱ्या वायुमेघावरची त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ साली, म्हणजे नारळीकर केंब्रिजला पोहोचले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली होती. उच्च दर्जाचे संशोधन करणाऱ्याने कथा लिहिणे यात कमीपणा नाही, हे त्यांना गुरूच्या उदाहरणातूनच दिसले असणार. दुसरी गोष्ट अधिक खोलवर जाते. हॉईल विश्वाला आरंभ नाही असे मानत. १९६५ साली विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमी प्रारणाचा शोध लागल्यानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला आरंभ आहे या मताच्या, बाजूला गेले, पण नारळीकर गेले नाहीत. १९९३ साली हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी आपले म्हणणे सुधारित रूपात पुन्हा मांडले. आयुष्यभर अल्पमतात राहून, न चिडता, आकडे मांडत राहणारा हा माणूस होता. त्यांच्या कथांमध्ये एकटा शास्त्रज्ञ काहीतरी सांगतो आणि सभागृह त्याच्याकडे पाठ फिरवते, असा प्रसंग वारंवार येतो, तेव्हा त्याला कथालेखनातली रूढ युक्ती समजू नये.

पहिल्या कथेची हकिगत सांगण्याजोगी आहे. १९७४ साली अहमदाबादच्या एका परिसंवादात एक व्याख्यान रटाळ होत चालले होते, तेव्हा नारळीकरांनी समोरच्या कागदांवर ‘कृष्णविवर’ लिहायला सुरुवात केली. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ती पाठवताना आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले, ज्याची आद्याक्षरे त्यांच्या स्वतःच्या आद्याक्षरांच्या उलट क्रमाने येतात. अक्षरही ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ होत्या, कथा आपल्या हाताने उतरवून दिली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मी ही गोष्ट मुलांना नेहमी सांगतो, कारण नाव झाकून केवळ मजकूर तपासायला देणे हा शास्त्रीय वृत्तीचाच भाग आहे, आणि वाचकाने या कथांशी तसेच वागावे अशी अपेक्षा त्यात आधीच दडलेली आहे.

कोणत्या क्रमाने वाचावे

कादंबऱ्यांपासून सुरुवात करू नये. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आणि ‘व्हायरस’ या कादंबऱ्यांत गृहीतकावर इतर धागे येऊन बसतात आणि नवशिक्याला मूळ सांगाडा दिसत नाही. १९७९ साली आलेला ‘यक्षांची देणगी’ हा पहिला संग्रह आधी घ्यावा, त्यातूनही ‘कृष्णविवर’ आधी. त्यानंतर, ज्या संग्रहात मिळतील तिथून, ‘उजव्या सोंडेचा गणपती’, ‘धूमकेतू’, ‘हिमप्रलय’ आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या क्रमाने जावे. हा क्रम मी अवघडपणाच्या चढत्या भाजणीने लावला आहे. पहिल्या कथेत भौतिकशास्त्राचा एकच नियम पुरतो, शेवटच्या कथेत इतिहास आणि पुंजभौतिकी, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे भौतिकशास्त्र, दोन्ही एकाच वेळी सांभाळावी लागतात. ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र, ज्याला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, कथांच्या नंतर वाचावे. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही त्यातली चार नगरे. आधी वाचल्यास प्रत्येक कथेत लेखकाचे आयुष्य शोधण्याची सवय लागते आणि कथा बाजूला राहते. विज्ञानाची बाजू कच्ची वाटत असेल तर ‘आकाशाशी जडले नाते’ हे त्यांचे खगोलशास्त्रावरचे पुस्तक शेजारी ठेवावे.

प्रत्येक कथा दोनदा वाचावी. पहिल्या वेळी पेन्सिल खाली ठेवावी आणि गोष्ट गोष्टीसारखी वाचावी. हा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. दुसऱ्या वेळी वहीच्या पानावर सर्वांत वर एकच वाक्य लिहावे: या कथेतले जग आपल्या जगापेक्षा नेमके कोणत्या एका बाबतीत वेगळे आहे? दोन वाक्ये लागत असतील तर अजून शोध पुरा झालेला नाही असे समजावे. चांगल्या, विज्ञानाशी काटेकोर राहणाऱ्या विज्ञानकथेत असा बदल एकच असतो आणि बाकी सारे निसर्गनियम जसेच्या तसे राहतात. चमत्कारकथा आणि विज्ञानकथा यांच्यामधली सीमारेषा माझ्या मते इथेच आहे, आणि ती ओळखायला यंत्रमानव किंवा अंतराळयान मोजण्याची गरज पडत नाही.

‘कृष्णविवर’: वर्गमूळाचा उपयोग

‘कृष्णविवर’ या कथेत जग वेगळे नाहीच, फक्त माणूस अशा ठिकाणी जाऊन पोहोचला आहे जिथे आपण कधी गेलेलो नाही. तीव्र गुरुत्वाकर्षणाच्या जवळ घड्याळ मंद चालते, हा आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताचा निष्कर्ष तिच्या मुळाशी आहे. वाचकाने इथे थांबून पुढील हिशेब स्वतः करावा.

सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या, स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर असते, आणि वस्तुमानाच्या पटीत ती वाढते. दहा सूर्यांच्या वस्तुमानाला ३० किलोमीटर. आता केंद्रापासूनच्या आपल्या अंतराने या त्रिज्येला भागावे, तो भागाकार एकातून वजा करावा आणि उरलेल्याचे वर्गमूळ काढावे. दूरवरच्या घड्याळाच्या तुलनेत तिथे स्थिर राहिलेले घड्याळ किती वेगाने चालेल, ते या उत्तरातून मिळते. ६० किलोमीटरवर उत्तर ०.७१ येते, ४० किलोमीटरवर नेमके ०.५, आणि ३०.३ किलोमीटरवर जवळपास ०.१. म्हणजे मंदावणे सुरुवातीला हळू वाढते आणि अगदी कडेशी एकदम कोसळते. पृथ्वीवर दहा वर्षे गेली आणि प्रवाशाची एकच गेली असे घडवायचे असेल, तर त्याला कडेपासून तीनशे मीटरपर्यंत न्यावे लागेल, हे मुलांना स्वतःच्या हाताने काढल्यावर जे वाटते ते मी कितीही समजावून सांगितल्याने वाटत नाही.

पुढचा प्रश्न वाचकाने लेखकालाच विचारावा. एवढ्या जवळ गेलेल्या माणसाच्या पायांवर डोक्यापेक्षा जास्त ओढ असेल. तो फरक किती? दहा सूर्यांच्या कृष्णविवराच्या कडेशी उभ्या माणसाच्या डोक्यापायांमधला हा फरक पृथ्वीवरील गुरुत्वाच्या सुमारे दोन कोटी पट येतो, म्हणजे माणूस आणि यान दोन्ही तंतू तंतू होऊन जातील. पण आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी जे सुमारे चाळीस लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, त्याच्या कडेशी हाच फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास उरतो. आकार वाढला की कड सौम्य होते. तेव्हा अशा कोणत्याही कथेत लेखकाने कोणत्या आकाराचे कृष्णविवर निवडले, हा तपशील सजावटीचा राहत नाही. कथानायकाचे जगणे-मरणे त्यावर अवलंबून असते.

गणपती, बटर पेपर आणि क्रिकेट

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा हातांनी वाचावी लागते. कथेत एक भारतीय गोलंदाज कसोटी सामन्यात अचानक दुसऱ्याच हाताने गोलंदाजी करू लागतो, आणि डाव्या सोंडेच्या मूर्तीची सोंड उजवीकडे वळते. कारण एकच आहे: अवकाशात मोबियसच्या पट्टीसारखा पीळ पडला आहे आणि त्यातून फिरून आलेली वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी परत येते.

बटर पेपरची तीस-चाळीस सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्यावी, तिला अर्धा पीळ द्यावा आणि टोके चिकटवावीत. आता पट्टीवर एका जागी इंग्रजी एल आकाराची खूण काढावी, पट्टीवरून थोडे पुढे सरकून तीच खूण पुन्हा काढावी, आणि असे करत करत एक पूर्ण फेरी मारावी. कागद आरपार दिसतो, त्यामुळे मूळ जागी पोहोचल्यावर शेवटची खूण पहिल्या खुणेच्या शेजारी उलटी उभी असलेली दिसते. साधा अपारदर्शक कागद घेतल्यास हा परिणाम नीट दिसत नाही, म्हणून बटर पेपरचा आग्रह. खूण कुठेही उचलून पालथी केलेली नाही, ती फक्त फिरून आली आहे. पट्टी हा द्विमितीय पृष्ठभाग आहे. हाच प्रकार एक मिती वर नेला की मूर्तीची सोंड आणि गोलंदाजाचा हात यांचे कोडे सुटते. वर्गात हा क्षण आला की मुले आपोआप आपापल्या उजव्या हाताकडे बघू लागतात.

इथे लेखकाच्या एका आवडत्या रीतीकडे लक्ष द्यावे. गणपती, वामन, यक्ष, भस्मासुर, ‘हिमप्रलय’ कथेतला इंद्र: शीर्षकांत आणि मोहिमांच्या नावांत पुराणे सतत डोकावतात. प्राचीन भारतात विमाने आणि अण्वस्त्रे होती अशा दाव्यांना नारळीकरांनी आपल्या लेखांतून ठामपणे विरोध केला, तेव्हा या नावांमागे गतवैभवाचा अभिमान शोधणे व्यर्थ आहे. मला वाटते, ही नावे वाचकाच्या मनात आधीच असलेली गोष्ट कामाला लावतात. ‘वामन परत न आला’ हे शीर्षक वाचताच मराठी वाचकाला तीन पावले आठवतात. जमिनीत खोल सापडलेल्या पेटीतून हरवलेल्या संस्कृतीचे ज्ञान मिळवून शास्त्रज्ञ आपल्या यंत्रमानवाचे कौतुक करत असतात, तेव्हा लहान दिसणारा हा पाहुणा शेवटी किती मागणार आहे, हे वाचक त्यांच्या आधी ओळखतो. भीतीचे वर्णन करण्यासाठी लागली असती ती वीस पाने एका नावाने वाचवली आहेत.

‘धूमकेतू’ आणि ‘हिमप्रलय’: पात्रे कोणाच्या बाजूने बोलतात

‘धूमकेतू’ वाचताना दोन हिशेब समांतर मांडावे. पहिला भौतिकशास्त्राचा. मनोज दत्त हा हौशी आकाशनिरीक्षक धूमकेतू शोधतो, तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते, आणि स्फोटाने त्याची दिशा किंचित बदलण्याचे ठरते. ‘किंचित’ म्हणजे किती? दहा वर्षांत सुमारे साडेएकतीस कोटी सेकंद असतात. धडकेच्या दहा वर्षे आधी धूमकेतूला सेकंदाला फक्त दोन सेंटिमीटर एवढा आडवा वेग दिला, तर ढोबळ हिशेबाने तो सुमारे ६३०० किलोमीटर सरकतो, आणि पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर आहे. मुंगीच्या चालीएवढ्या धक्क्याने पृथ्वी वाचू शकते. एकच वर्ष हाती असेल तर दहापट धक्का लागतो, महिनाच असेल तर शंभराहून जास्त पट. कथेतली सारी धावपळ या भागाकारातून आलेली आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फस या लघुग्रहावर आदळून त्याची आपल्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची सुमारे बारा तासांची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून अधिक कमी केली, तेव्हा ही कल्पना कित्येक दशके आधी मराठीत वाचलेल्यांना ती बातमी ओळखीची वाटली असेल.

दुसरा हिशेब माणसांचा. मनोज दत्तची पत्नी इंद्राणीदेवी धूमकेतूला अपशकुन मानते, घरी शांतियज्ञ होतो, आणि संकट टळल्यावर श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न उभा राहतो. शास्त्रज्ञ जिंकतात, पण घरातला वाद जिंकत नाहीत, आणि या न जिंकण्यामुळेच कथा खरी वाटते. नारळीकरांनी हा वाद कथेबाहेरही आकड्यांनी लढवला. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्यांमध्ये भेद करायला ज्योतिष्यांना सांगण्यात आले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांच्या अचूकतेचे प्रमाण ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून मिळेल त्याहून थोडे कमीच. ही चाचणी लक्षात ठेवून ‘धूमकेतू’ पुन्हा वाचल्यास कथेतला संयम अधिक जाणवतो.

‘हिमप्रलय’ कथेत वसंत चिटणीस हे शास्त्रज्ञ येणाऱ्या हिमयुगाचा इशारा देतात आणि कोणी ऐकत नाही; मग मुंबईत बर्फ पडते. गृहीतक हॉईल यांच्या एका विचाराशी जोडलेले आहे. हवेतील पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्याखालीही गोठायचे टाळतात, पण उणे चाळीस अंशांच्या सुमारास त्यांचे बारीक स्फटिक होतात, आणि ही चमकती धूळ सूर्यप्रकाश परत फेकू लागते. एकदा फेकू लागली की गारठा वाढतो, गारठा वाढला की धूळ वाढते. पेन्सिलीने हे चक्र काढावे आणि ज्वालामुखीच्या राखेने त्याला पहिला धक्का कुठे दिला तिथे बाण करावा. तंबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या उद्रेकानंतर युरोप-अमेरिकेत १८१६ साली उन्हाळाच आला नाही, आणि १९९१ साली पिनातुबोने पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने खाली आणले, एवढे दाखले या धक्क्याची कल्पना यायला पुरेत. आजच्या वाचकाला तापमानवाढीच्या काळात हिमयुगाची भीती कालबाह्य वाटेल. तसे वाटल्यास वाटू द्यावे, पण वातावरणात मुद्दाम कण सोडून उष्णतेचा तोल सावरण्याचा कथेतला उपाय आज उलट्या कारणासाठी गांभीर्याने चर्चिला जातो, हेही वहीत टिपून ठेवावे.

गंगाधरपंतांसोबत किती काळ राहावे

माझ्या मते ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेसाठी किमान तीन बैठका द्याव्यात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकशी झालेल्या धडकेनंतर अशा मुंबईत जाऊन पोहोचतात जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकले आहेत. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून गेली, एवढाच बदल. प्राध्यापक ग्रंथालयात जाऊन स्वतः लिहिलेले इतिहासाचे खंड वाचतात आणि कोणत्या पानावर इतिहासाने वळण घेतले ते शोधून काढतात. ही त्यांची पद्धतच वाचकाने उचलावी.

पहिल्या बैठकीत वहीचे पान उभे दुभागावे. डावीकडे आपला इतिहास, उजवीकडे गंगाधरपंतांनी पाहिलेला. ईस्ट इंडिया कंपनी तीन बंदरांच्या परिसरापुरती उरते, राघोबादादा बाजूला पडतात, दिल्लीचा बादशहा नामधारी राहतो, पुढे लोकशाही येते, आणि मुंबई तेवढी इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने असते. दुसऱ्या बैठकीत प्रत्येक नोंदीपुढे दोनपैकी एक शब्द लिहावा: ‘अटळ’ किंवा ‘शक्य’. विश्वासराव वाचले म्हणून मराठी सैन्याचा धीर टिकला, ही पायरी अटळतेच्या जवळची आहे. पेशव्यांनी युरोपातल्या नव्या तंत्रयुगाचे महत्त्व ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रे स्थापली आणि परकी तज्ज्ञांची मदत फक्त स्वावलंबी होण्यापुरती घेतली, ही पायरी मात्र युद्धातून निघत नाही. ती लेखकाच्या मनातून निघते. केंब्रिजमधले स्थान सोडून मुंबईला परतलेल्या आणि पुढे विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी आयुकासारखी संस्था उभारणाऱ्या माणसाला इतिहासाकडून काय हवे होते, ते या ओळींत उघडपणे दिसते. कथेतली ही सर्वांत दुबळी कडी आहे आणि मला ती सर्वांत हृद्य वाटते.

तिसरी बैठक गंगाधरपंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे यांच्या स्पष्टीकरणासाठी ठेवावी. बंदुकीची गोळी कुठे जाईल हे सांगता येते, इलेक्ट्रॉन कुठे जाईल हे सांगता येत नाही, आणि म्हणून एकाहून अधिक जगे शक्य होतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. इथे चोखंदळ वाचकाने थांबून विचारावे, की विश्वासरावांना लागली ती तर गोळीच होती. मग इलेक्ट्रॉनची अनिश्चितता तिच्यापर्यंत कशी पोहोचली? कथेत त्यासाठी अरिष्ट सिद्धान्ताचा आधार घेतला आहे: काही क्षण असे असतात की परिस्थितीतला सूक्ष्म फरक परिणामाला एकदम दुसऱ्या बाजूला लोटतो. पुरावा म्हणून गंगाधरपंतांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे फाटके पान उरते. वाचनगटात या पानावरून एकदा असा वाद झाला की दोन मुले आठवडाभर एकमेकांशी बोलली नाहीत. एकाला ते पान सिद्धता वाटत होते, दुसऱ्याला ते केवळ पान.

उणिवा कशा हाताळाव्यात

उणिवा आहेत आणि त्या झाकू नयेत. पात्रांना आतले आयुष्य थोडे असते, स्त्रिया अनेकदा प्रश्न विचारण्यापुरत्या किंवा श्रद्धेची बाजू मांडण्यापुरत्या येतात, आणि ऐन रंगात एखादा प्राध्यापक फळ्यापुढे उभा राहिल्यासारखा बोलू लागतो. ही व्याख्याने वाचताना पान उलटण्याचा मोह होतो. माझा सल्ला असा की प्रसंग उलटून गेला तरी चालेल, व्याख्यान उलटू नये, कारण या कथांची उत्कंठा तिथेच साठवलेली असते. पुढच्या पानांवर जे घडणार आहे ते त्या परिच्छेदातून आधीच काढता येते. काढता आले तर कथा खरी उतरली, नाही आले तर चूक कुठे आहे ते शोधावे. भाषा साधी आहे, प्रसंगी रुक्ष आहे. ज्याचे शालेय शिक्षण हिंदीत आणि संशोधन इंग्रजीत झाले त्याने मराठीत लिहायचे ठरवले, याची जाण ठेवून ती वाचली की तिच्यातला स्वच्छपणा आवडू लागतो.

कथा संपल्यावर करायचे शेवटचे काम पोस्टकार्डाएवढे आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत असत की पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. म्हणून वाचनगटात प्रत्येक कथेनंतर पोस्टकार्डाच्या मापाचा कागद कापून देतो आणि त्यावर एकच प्रश्न लिहायला सांगतो, असा की ज्याचे उत्तर कथेत दिलेले नाही पण कथेच्या गृहीतकावरून काढता येईल. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने गणपतीच्या कथेनंतर लिहिले: ‘उलटा होऊन आलेल्या गोलंदाजाला पुदिन्याची चटणी कशी लागेल?’ आम्ही शोध घेतला. पुदिन्याच्या वासाचा मुख्य रेणू कार्व्होन. त्याच रेणूची आरशातली प्रतिमा निसर्गात शहाजिऱ्यात सापडते, आणि आपले नाक दोन्ही वेगवेगळे ओळखते. गोलंदाजाचे नाकच उलटे झाले असल्यामुळे त्याला पुदिन्याच्या चटणीला शहाजिऱ्याचा वास येईल.